जहाजावरची दुसरी पंगत

नागपूरच्या उत्तरेला तीस-पस्तीस किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी वसलेल्या आमच्या खाप्याचा आणि समुद्राचा तसा काही संबंध नाही. नदीला पाणी असले तर पोहणे आणि पूर आला तर काठावर उभे राहून बघणे, एवढाच आमचा जलविहार. मुंबई गाठायची तर नागपूरहून आगगाडीने आठशेच्या वर किलोमीटर जावे लागते. अशा या गावातली माझी मोठीआई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, वयाच्या बाहत्तराव्या वर्षी गेल्या डिसेंबरात जहाजावर जाऊन आली. चुलतभावाच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून त्याने घरातली अकरा माणसे मुंबई-गोवा-मुंबई अशा तीन रात्रींच्या सफरीला नेली. त्या अकरांत मीही होतो.

निघण्याआधी महिनाभर घरात समुद्राचीच चर्चा. कुणाला बोट लागेल, कुणाला पोहता येते, कुणाला नाही. मोठीआईला त्यातले काहीच विचारायचे नव्हते. तिचे दोनच प्रश्न होते. ‘जेवाचं काय हाय तिथं? अन् किती वाजता वाढतात?’

भावाने वेळापत्रकाचा कागद आणून वाचून दाखवला. सकाळचा नाश्ता सात ते दहा, दुपारचे जेवण साडेबारा ते अडीच, चार वाजता चहा, रात्री जेवण आणि त्याही नंतर ज्याला हवे त्याला उशिराचे खाणे. रात्रीच्या जेवणापुढे लिहिले होते: ‘दुसरी बैठक, साडेआठ’. मोठीआईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘म्हणजे पयली पंगत उठल्यावर आपण बसाचं.’

तिने एका वाक्यात सारा मामला उलगडला होता. जहाजावरचे मोठे भोजनगृह कितीही प्रशस्त असले तरी सगळे उतारू एका वेळी त्यात मावत नाहीत. मग त्यांचे दोन भाग करतात. पहिली बैठक संध्याकाळी सहा-साडेसहाला, दुसरी आठ-साडेआठला. जेवणाला जोडूनच नाटकघराची सोय लावलेली असते. पहिली बैठक जेवत असते तेव्हा दुसऱ्या बैठकीचे लोक नाचगाणी पाहतात, आणि नंतर ही मंडळी तिकडे व ती मंडळी इकडे. दोन हजार माणसे एका लोखंडी पेटीत तीन दिवस राहतात आणि तरी कुठे चेंगराचेंगरी होत नाही, त्याचे बरेचसे श्रेय या दोन पंगतींना आहे. आपल्याकडे लग्नात पहिली पंगत उठेपर्यंत दुसऱ्या पंगतीतल्यांनी बसायचे कुठे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. जहाजवाल्यांनी तो गाण्याबजावण्याने सोडवला.

पण मोठीआईच्या त्या वाक्यात थोडी नाराजी होती, ती आम्हा कुणाच्या लक्षात आली नाही. निदान माझ्या तरी नाही. मी जन्मभर पहिल्या पंगतीतला माणूस.

खाप्याच्या आमच्या घरात त्या काळी तीन घड्याळे चालत. मोठेबाबा गुमगावच्या मँगनीजच्या खाणीत होते. पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रातपाळी अशी त्यांची जेवणे दर आठवड्याला जागा बदलत. धाकटे काका मागावर बसत. खापा हे कोष्ट्यांचे, हातमागाच्या लुगड्यांचे गाव. माग आता थोडेच उरले, पण तेव्हा गल्लीगल्लीतून धोट्याचा आवाज यायचा. विणकराचे जेवण घड्याळावर नसते, ताण्यावर असते. मधे सूत तुटले तर ते सांधल्याशिवाय माणूस उठत नाही, आणि वरणाला दोनदा उकळी द्यावी लागते. तिसरे घड्याळ आम्हा पोरांच्या शाळेचे. या तिन्ही घड्याळांप्रमाणे मोठीआई ताटे वाढत असे. वाढून झाले की कांड्या भरायला बसे. तिचे स्वतःचे जेवण कोणत्या घड्याळावर होते, ते कुणी विचारले नाही.

एकदा मी शाळेतून लवकर परत आलो. तीन वाजले असतील. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोठीआई पातेल्यातच जेवत होती. बुडाची भाताची खरवड, वर जवसाची चटणी. मला बघून तिने चटकन पदर पातेल्यावर ओढला, चोरी पकडली गेल्यासारखा. ‘तुले भूक लागली का रे?’ म्हणाली आणि उठलीही. मला भूक लागली नव्हती. तरी मी हो म्हणालो, आणि तिने मला पोहे करून दिले. ते मी खाल्ले. पातेले तसेच राहिले.

असो. समुद्राकडे वळू.

जहाजावर कुणी कधी आणि कुणाबरोबर जेवायचे, याचे नियम जहाजांइतकेच जुने आहेत. १८४० साली क्युनार्ड कंपनीचे ‘ब्रिटानिया’ अटलांटिक ओलांडू लागले तेव्हा ताज्या दुधासाठी जहाजावर चक्क गाय बांधलेली असे. शीतगृहे यायला अजून अवकाश होता. पुढे जहाजे मोठी झाली, मजले वाढले आणि मजल्यांप्रमाणे जेवणे वेगळी झाली. १९१२ साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर पहिल्या वर्गाला जेवायला बोलावण्यासाठी बिगूल वाजत असे, रात्रीचे जेवण दहा-अकरा पदार्थांच्या फेऱ्यांचे असे. तळाच्या तिसऱ्या वर्गाचे मुख्य जेवण मात्र भर दुपारी उरकले जाई आणि संध्याकाळी चहाबरोबर थोडेफार खाणे. मनाला येईल तेव्हा आणि मनाला येईल ते मागवून जेवण्याची चैन समुद्रावर आली ती १९०५ साली, ‘अमेरिका’ नावाच्या जर्मन जहाजावर निघालेल्या उपाहारगृहामुळे. अर्थात त्याचे पैसे वेगळे. ठरलेल्या बैठका मोडून ‘केव्हाही या, कुठेही बसा’ ही पद्धत सर्वसाधारण उतारूंसाठी एका बड्या क्रूझ कंपनीने सुरू केली ती थेट २००० साली. म्हणजे भूक लागेल तेव्हा जेवण्याचा हक्क मिळायला समुद्रावरच्या माणसाला दीडशेच्या वर वर्षे लागली.

आपली माणसे या जहाजांवर चढली तेव्हा वेळेपेक्षा मोठा प्रश्न पानात काय आहे, हा होता. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाल्या. वय अठरा. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या जाहीर भाषणात त्यांनी सांगून टाकले होते की आपला आहार आणि पोशाख आपण बदलणार नाही. आज शाकाहारी ताट मागवताना एका चौकटीत खूण केली की काम होते. त्या मुलीला दोन महिने, म्हणजे ४ जूनला न्यूयॉर्कला उतरेपर्यंत, तो शब्द रोज तीन वेळा पाळावा लागला. पाच वर्षांनी, ४ सप्टेंबर १८८८ला, मोहनदास गांधी मुंबईहून ‘क्लाइड’ जहाजाने विलायतेला निघाले. काटाचमचा धरता येत नाही आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायची भीड वाटते, म्हणून ते भोजनगृहात गेलेच नाहीत. घरून आणलेली मिठाई आणि फळे आपल्या खोलीत बसून खात राहिले. भरल्या जहाजावर एकट्याने जेवणारा तो लाजाळू मुलगा डोळ्यांसमोर आणला की फार जवळचा वाटतो.

कोकणच्या बोटींची गोष्ट निराळी. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करीत पणजीला जाई, तेव्हा डेकवर वळकटी पसरली की तेच घर आणि फडके सोडले की तीच पंगत. कुणाच्या दशम्या, कुणाचे लाडू, शेजारणीचे लोणचे. घंटा नाही, बैठक नाही, आणि बोट लागली की कुणाचीच भूक नाही. माझा एक मालवणी मित्र म्हणतो की त्या बोटीवर निम्मे लोक खात असत आणि निम्मे त्यांच्याकडे बघून कठड्याकडे धावत. ती बोट बंद पडून जमाना लोटला. नंतर मुंबईहून निघणाऱ्या क्रूझचे प्रयोग होत राहिले. २००५ साली ‘सुपरस्टार लिब्रा’ आले, २०१६च्या डिसेंबरात इटालियन कंपनीचे ‘कोस्टा निओक्लासिका’ आले. ऑक्टोबर २०१८मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. कान्होजी आंग्र्यांच्या नावाच्या या जहाजाच्या वेळी केंद्रात जहाजबांधणी खाते होते नागपूरच्या नितीन गडकरींकडे. समुद्रापासून इतके दूर राहणाऱ्यांनाच त्याची ओढ जास्त असावी! ‘आंग्रिया’ फार काळ चालली नाही. २०२१च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघू लागले. हे जहाज मुळात १९९० साली बांधलेले.

आमचे जहाज कोणते हे सांगत नाही, कारण त्याची जाहिरातही करायची नाही आणि तक्रारही नाही. बॅलार्ड पिअरला सामानाच्या तपासणीत मोठीआईची पिशवी बाजूला निघाली. आत फुटाण्याचे लाडू, जवसाची चटणी आणि तिळाच्या पोळ्या. घरी केलेले अन्न जहाजावर नेता येत नाही, हा नियम. त्यामागे कारणही आहे. बंद जहाजावर एकाचे पोट बिघडले तर साथ पसरायला वेळ लागत नाही, म्हणून भोजनगृहाच्या दाराशीच हात धुवायला लावतात. मोठीआईने हे ऐकून घेतले. ‘माह्या हातचं खाऊन आजवर कोनाले काई झालं नाई,’ एवढेच म्हणाली आणि डबे तिथेच ठेवून पुढे निघाली. रिकाम्या हाताने परगावी जाण्याची तिची ती पहिलीच वेळ असावी.

रोज सातला जेवणारी बाई साडेआठपर्यंत कशी थांबणार, म्हणून भावाने पहिली बैठक मागून पाहिली. ती भरलेली होती. वरच्या मजल्यावर स्वतः वाढून घ्यायची सोय होती आणि तिथे बैठकीचे बंधन नव्हते. मोठीआई गेली, दोन फेऱ्या मारून सगळी भांडी बघून आली. भाताचे चार प्रकार, पाच-सहा भाज्या, पास्ता, चायनीज, कांदा-लसूण नसलेले जैन जेवण वेगळ्या टेबलावर. ताट मात्र घेतले नाही. ‘आपल्या हातानं वाढून घ्याचं तं घरीच बरं,’ म्हणाली. त्यात मुद्दा होता. जन्मभर तिने वाढलेले. तिला हवे होते कुणीतरी वाढलेले.

साडेआठला आम्ही खाली गेलो. अकरांसाठी गोल टेबल, पांढरे कापड, चारी बाजूंनी काटेचमचे. पूर्वी समुद्र खवळला की टेबलावरचे कापड पाण्याने ओले करीत, म्हणजे ताटे घसरत नसत. त्या रात्री समुद्र शांत होता, तरी पाण्याचा ग्लास हळूच तिरका होई आणि मोठीआई त्याच्यावर हात ठेवी. वाढणारा मुलगा रत्नागिरीकडचा निघाला. त्याने आधी तिच्यापुढे सूप ठेवले, मग आम्हाला. ती सुरुवात करीना. ‘सगळ्यांले वाढून होऊ दे.’ सगळ्यांना वाढून झाले. तरी चमचा उचलीना.

‘आजी, थंड होईल ना,’ मुलगा म्हणाला.

‘तू जेवला का?’

त्याला हसू आले. या प्रश्नाची त्याला सवय नसावी. ‘जेवलो आजी. आमचं पाच वाजता होतं. मग पहिली बैठक, मग ही दुसरी. आवरून झालं की परत थोडं खातो.’

‘म्हणजे दोन पंगती उठल्यावर तुही तिसरी,’ मोठीआई म्हणाली. मग तिने चमचा उचलला.

या तिसऱ्या पंगतीचा इतिहास फार जुना आहे, आणि तो पुष्कळसा आपल्याच किनाऱ्याचा आहे. इंग्रजी कंपन्यांच्या जहाजांवर कामाची वाटणी ठरलेली असे, आणि भोजनगृह व स्वयंपाक हा प्रांत बहुतेक गोव्याच्या माणसांचा. ही माणसे मुंबईत धोबीतलाव-माझगावकडच्या ‘कुडां’त उतरत. कूड म्हणजे गावागावाच्या नावाने चालणारे सामायिक बिऱ्हाड. तिथे जहाजाची वाट पाहायची, पेटी ठेवायची, आजारपण काढायचे. साहेबाच्या पंगतीला सहा फेऱ्या वाढणारा हा माणूस स्वतः उभ्या उभ्या कधी दोन घास खायचा, ते कुठल्या मेनूकार्डावर छापलेले नसे. आता कायदा आहे. २००६ सालच्या सागरी कामगार कराराप्रमाणे खलाशाला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे, आठवड्यात सत्त्याहत्तर तास. जहाजावरचे जेवण त्याला फुकट आणि त्याच्या धर्माला, रीतीला धरून मिळाले पाहिजे, हेही त्यात लिहिले आहे. भुकेच्या वेळी मिळाले पाहिजे, असे मात्र कोणत्याच करारात लिहिता येत नाही.

दुसऱ्या रात्रीपर्यंत मोठीआई आणि तो मुलगा यांची चांगली गट्टी जमली. पोळी कशावर भाजता? जहाजावर गॅस नसतो, आगीची भीती म्हणून सगळे विजेवर, हे कळल्यावर ती म्हणाली, ‘तरीच पोळी फुगत नाई.’ इतक्या माणसांना पाणी कुठून आणता? समुद्राचेच पाणी यंत्राने गोडे करतात. हे तिला मुळीच पटले नाही. ती बराच वेळ ग्लासाकडे बघत राहिली आणि मग एक घोट घेऊन म्हणाली, ‘कन्हानपेक्षा बरं हाय.’ आणि उरलेल्या अन्नाचे काय करता?

हा प्रश्न तिला पहिल्या रात्रीपासून छळत होता. वरच्या मजल्यावर लोक डोंगर रचून ताट भरून घेत आणि निम्मे टाकून उठत, हे तिने पाहिले होते. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की उरलेले अन्न पंचवीस मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतके बारीक दळले तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे, म्हणजे साडेपाच किलोमीटरवर, समुद्रात सोडता येते. न दळता सोडायचे तर बारा मैल जावे लागते, आणि काही जपलेल्या समुद्रांत दळलेल्यालाही बारा मैलांचीच अट आहे. मुलाने हे त्याच्या भाषेत समजावले. मोठीआईने ताटातला शेवटचा भाताचा दाणा बोटाने टिपला. आमच्या टेबलावरची उरलेली सगळी ताटे तिने एकदा फिरून बघितली. माझ्याही ताटात अर्धी पोळी होती. ती मी खाल्ली.

शेवटच्या सकाळी जहाज मुंबईला लागायचे होते. सहा वाजता मला जाग आली तेव्हा मोठीआईची खोली उघडी आणि ती आत नाही. भावजय घाबरली. आम्ही दोघे वरखाली धावलो. डेकवर नाही, जिन्याजवळ नाही. शेवटी वरच्या मजल्यावरच्या उपाहारगृहात पाहिले. नाश्ता सातला, पण लवकर उठणाऱ्यांसाठी चहा आणि थोडे खाणे आधीच मांडलेले असते, हे तिने पहिल्याच दिवशी हेरून ठेवले होते. सगळ्या खुर्च्या रिकाम्या. खिडकीशी ती एकटी. बाहेर अजून पुरते उजाडलेले नव्हते, दूर किनाऱ्याचे दिवे दिसत होते. पुढे ताटलीत दोन इडल्यांची रिकामी जागा, पपईची साले, चहाचा संपलेला कप. ती संत्रे सोलीत होती.

‘मोठीआई, अगं थांबायचं ना आमच्यासाठी!’ भावजय म्हणाली.

तिने आमच्याकडे पाहिले. मला वाटले, ती पदर ओढून ताटली झाकणार. तिने एक फोड सोलून तोंडात टाकली, बी हातावर काढली.

‘भूक लागली होती,’ ती म्हणाली. ‘मी जेवली. तुमी बसा.’

आम्ही बसलो. उरलेल्या संत्र्याच्या दोन फोडी तिने आमच्यापुढे सरकवल्या.

‘आपल्याकडचं नाई हे,’ म्हणाली. ‘पाणचट हाय.’